सातारा–कराड रोजचं जाणं-येणं: ईव्ही, हायब्रिड की साधी पेट्रोल सेडान?

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी २०१४ सालची डिझेल सेडान आता २ लाख ३० हजार किमीला आली. गेल्या महिन्यात क्लच दुसऱ्यांदा बसला. मेकॅनिक म्हणाला, "सर, आता हिच्यावर पैसे घालू नका, म्हातारीला वारीला पाठवा." तेव्हा नवी गाडी घेणं आलं.

राहायला साताऱ्यात गोडोलीला, नोकरी कराडला. आठवड्याचे पाच दिवस जाऊन-येऊन १०४ किमी. महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे, वर्षातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासुरवाडी. सगळं धरून महिन्याला २६०० किमी पडतात. आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, महिन्या-दोन महिन्यांतून सोबत असते.

मला सेडानच आवडते. डिकी बंद झाल्याचा तो जड आवाज, हायवेला चिकटून चालणारी गाडी... असो. शोरूमच्या चकरा मारून तीन कोटेशनं हातात आहेत. पेट्रोल सेडान ऑन रोड पंधराच्या आसपास, होंडा सिटी हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरीवरची मोटर) साडेबावीसच्या पुढे, आणि ४५ किलोवॅट-अवर (म्हणजे ४५ युनिट) बॅटरीची एक इलेक्ट्रिक एसयूव्ही साडेसतराला. इलेक्ट्रिक सेडान म्हणाल तर एका टोकाला छोटी टिगोर ईव्ही आणि दुसऱ्या टोकाला चाळीस लाखांच्या पुढची बीवायडी सील. मधल्या मास्तराने काय करावं?

खरी गोम अजून सांगितलीच नाही. आम्ही अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर. पार्किंग खाली, पण मीटरची खोली बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला. चेअरमन साहेबांना सहज विचारलं, तर म्हणाले, "बॅटरी पेटली तर अख्खी बिल्डिंग जाईल." विषय तिथेच मिटला.

लेक म्हणते ईव्ही, सौ. म्हणते हायब्रिड, आई म्हणते मला चढता-उतरता आलं म्हणजे झालं. वापरणाऱ्यांनी अनुभव सांगावेत.

बोगद्यापलीकडचा
धाग्याबद्दल आभार. ईव्हीला दोन वर्षं होत आली, ४८ हजार किमी झाले, म्हणून बोलायचा थोडा हक्क समजतो.

लोक आधी रेंज विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे प्लग आहे का, हे आधी विचारा. प्लग असेल तर तुमच्या १०४ किमीला ईव्हीसारखी गाडी नाही. नसेल आणि रोज हायवेच्या चार्जरवर विसंबणार असाल, तर देव तुमचं भलं करो. पावसाळ्यात एकदा हायवेवरच्या एका हॉटेलापाशी पोचलो, ॲपवर चार्जर हिरवा, प्रत्यक्षात स्क्रीन काळी. हॉटेलवाला म्हणतो, "काल तर चालू होता." १४ टक्क्यांवर एसी बंद करून, काचा उघड्या टाकून पुढचा चार्जर गाठला. घरात चार दिवस अबोला होता.

रेंजचं म्हणाल, तर ४५ किलोवॅट-अवरच्या टाटा नेक्सॉन ईव्हीला कागदावर ४८९ किमी आहेत. तो आकडा विसरा. ९० च्या स्पीडने हायवेला ३०० धरा. ११० ने हाणली तर २५० च्या खाली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तो पेट्रोल गाडीलाही असतोच, पण टाकी पाच मिनिटांत भरत असल्यामुळे आपण तिकडे कधी बघितलेलं नसतं.

आधी वायर, मग गाडी. एवढंच.

काथ्याकूट
सीएनजी घ्या आणि विषय संपवा.

गोडोलीकर
@काथ्याकूट, संध्याकाळी सहानंतर पंपावरची सीएनजीची रांग पाहिली आहे का? त्या वेळेत पेपर तपासून होतील. शिवाय डिकीत सिलिंडर, मग सेडान कशाला घ्यायची?

वसंतदादानगरी
सांगलीहून. माझ्याकडे सिटी हायब्रिड आहे, तिसरं वर्ष चालू. तुम्ही डिकीबद्दल इतकं प्रेमाने लिहिलंय म्हणून आधीच सांगतो, साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६. बॅटरी मागे बसते. चिपळूणहून येताना फणस-आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर आत्ताच मोजून ठेवा.

बाकी गाडी सोनं आहे. गावात बहुतेक वेळ मोटरवरच चालते, विश्रामबाग ते मिरज गर्दीच्या वेळीसुद्धा लिटरला २३-२४ किमीचा मायलेज मिळतो. पण हायवेला सलग ९०-१०० ने जाताना इंजिन थेट चाकांना जोडलं जातं आणि मग ती चांगल्या पेट्रोल गाडीसारखीच वागते. मला २०-२१ पडतो. कंपनीचा २६-२७ चा आकडा हायवेवाल्याने मनावर घेऊ नये. हायब्रिड पैसे वाचवते ती ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या खेळात, आणि तुमचं तर सगळं हायवेवर.

ब्रेकवरून आठवलं, शेंद्र्यापासून खाली सहापदरीचं काम चालू आहे तोवर तुमचा हायवे म्हणजेही गावच की हो. उंब्रजला आणि मलकापूरला पहिल्या-दुसऱ्यावर रांगत जायचं. काम संपेपर्यंत हायब्रिडचे चांगले दिवस. :)

मीटररीडर
हिशोब मी करतो. २६०० किमी, पेट्रोल १०५ धरलंय.

पेट्रोल सेडान १७ ने: १५३ लिटर, १६ हजार रुपये. हायब्रिड २१ ने: १२४ लिटर, १३ हजार. ईव्ही हायवेला युनिटला ७ किमी म्हणजे ३७१ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून ४१० च्या आसपास.

आता इथे लोक फसतात. ही ४१० युनिटं घरच्याच मीटरवर टाकली तर तुम्ही ३०० चा टप्पा कधीच ओलांडलात, पाचशेच्याही वर जाल. मग वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि युनिट सगळे आकार धरून पंधराला जाऊन भिडतं. म्हणजे सहा हजारांवर. ईव्हीसाठी महावितरणकडून वेगळं कनेक्शन घेता येतं. माझ्या वेगळ्या मीटरचं मागचं बिल सगळं धरून युनिटला ९ च्या आसपास आलं. त्या दराने तुमचे ३७०० होतील.

हायब्रिड विरुद्ध पेट्रोल: महिन्याला ३ हजार वाचणार, त्यासाठी साडेसात लाख जास्त मोजणार. २० वर्षं लागतील वसूल व्हायला. ईव्ही विरुद्ध पेट्रोल: महिन्याला १२ हजार वाचतात, किमतीत फरक अडीच लाखांचा. दोन वर्षांच्या आत फिटले. विम्याचा हप्ता ईव्हीला थोडा जास्त बसतो, सर्व्हिसिंग स्वस्त. ते एकमेकांत कापलं.

घाटवाट
हायब्रिड-ईव्हीच्या किमतीत एवढा फरक का, हे कोणी लिहिलं नाही. गाडीपेक्षा कर बघा. ईव्हीला जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० सीसीपेक्षा मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के, आणि दीड लिटरची हायब्रिड सेडान त्याच खान्यात बसते. वर आपल्याकडे १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहनकर, ईव्हीला माफ. म्हणजे हायब्रिडच्या साडेबावीस लाखांतला मोठा घास सरकारचा आहे.

नवखा_ड्रायव्हर
ईव्हीला टोल पण माफ आहे ना? आणि कर्जावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सूट?

घाटवाट
टोलमाफी मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. आपल्या आनेवाडी-तासवड्याच्या टोलनाक्यांवर नाही. आणि ती ८० ईईबीची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. काही सेल्समन अजून तिचीच टेप वाजवतात.

टोलसाठी फास्टॅग वार्षिक पास काढा, २०० फेऱ्यांचा. २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३ हजारांना होता. तासवडे रोज दोनदा म्हणजे महिन्याला ४४, साडेचार महिन्यांत पास संपेल. तरीही एका वेळेला १५ रुपयांच्या आसपासच पडतात. गाडी कुठलीही असो.

कोळसेवाला
आणि वीज येते कुठून? कोळशातूनच ना? धूर कराडऐवजी चंद्रपूरला, एवढाच फरक.

बोगद्यापलीकडचा
@कोळसेवाला, दर ईव्ही धाग्यावर हा प्रतिसाद येतोच, तुम्ही लवकर आलात. बरीचशी वीज कोळशाचीच, मान्य. पण पेट्रोल इंजिन इंधनातली तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा उष्णता करून फेकतं, मोटर जेमतेम दहा-पंधरा टक्के. आणि १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याला तरी कोळसा म्हणू नका.

ऊसकरी
पेट्रोलबद्दल मी बोलतो. आमच्या कारखान्याची डिस्टिलरी आहे, त्यामुळे ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) शिव्या घातल्या की जिव्हारी लागतं. पण खरं ते खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते. वीस टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्क्यांची घट दिसते. नव्या इंजिनांची ट्यूनिंग त्यासाठी केलेली असते म्हणून थोडं भरून निघतं, जुन्यांना ते सुख नाही. मीटररीडर यांनी धरलेला १७ चा आकडा कदाचित याच पेट्रोलवरचा असेल, मग चालतंय.

उसाला दर मिळावा म्हणून तरी कोणीतरी पेट्रोल गाडी घ्या रे बाबांनो. ;)

वायरमनदादा
गोडोलीकर सर, मी ह्या धंद्यात २२ वर्षं हाय. तुमचं घोडं गाडीत न्हाई, अर्थिंगमध्ये अडणार बघा.

पयली गोष्ट. तुम्हाला सात किलोवॅटचा चार्जर लागतोच कशाला? रोज १०४ किलोमीटर म्हंजे पंधरा-सोळा युनिट. गाडीसंगं जो चार्जर येतो तो १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट टाकतो. रात्री दहाला लावली, पाच-साडेपाच तासांत काम झालं. तुम्ही आणि चेअरमन दोघं मोठ्या चार्जरच्या भ्यानं बसलाय. लागतंय तुमच्या गीझर-ओव्हनएवढं.

दुसरी. नेहमीची सॉकेटं घंटा-दीड घंट्यासाठी असतात. पाच तास सलग १५ अँपिअर वढलं की कनेक्शन ढिलं असंल तिथं वितळतं. लोक म्हणतात बॅटरी पेटली. अवो, आमच्या बघण्यात तरी जळली ती सॉकेटंच. इंडस्ट्रियल सॉकेट टाका, मीटरपासून सॉकेटपर्यंत सलग केबल, मधी जोड नको, तांब्याची ६ स्क्वेअर. आज तीन किलोवॅटला जास्तच होतीय, पण उद्या सातचा बसवला तर परत भिंत फोडायला नको. एमसीबी (लोड वाढला की पडतो तो) वेगळा, आरसीसीबी (करंट गळला की पडतो तो) वेगळा.

तिसरी, अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावून बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं की काही गाड्या चार्जच घेत न्हाईत, लाल लाइट लावून बसतात आणि माणूस शोरूमला फोन करत बसतो. जुन्या बिल्डिंगींची अर्थिंग उन्हाळ्यात सुकलेली असते. सातशे-हजार रुपयांचं मीठ-कोळसा बघू नका, केमिकल अर्थिंग करा.

सोसायटीच्या मीटिंगला बोलवा, मी येतो. चहा पाजा फक्त.

गोडोलीकर
दादा, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढली. खरंच. चेअरमन साहेबांना कागद हातात लागतो.

दरम्यान, रविवारी आईला दोन्ही गाड्यांत बसवून आणलं. सिटीत बसताना तिला हात धरून खाली सोडावं लागलं. "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय रे," म्हणाली. एकदा बसली की मात्र खूश, पाय सरळ, पाठ टेकलेली. इलेक्ट्रिक एसयूव्हीत उलटं. सीट तिच्या कमरेएवढ्या उंचीला, नुसती वळून बसली. पण बॅटरीमुळे मागची फरशी वर आलेली, त्यामुळे गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार नाही. अर्ध्या तासाने पाय चोळायला लागली.

हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचलं नव्हतं.

आजोळ_वाई
आमच्याकडेही हीच कथा. आजींना पुढच्या सीटवर बसवा, तिथे फरशीचा त्रास कमी जाणवतो. तुमच्या सौ. मागे जातील का, तो प्रश्न वेगळा.

मीटररीडर
एक मुद्दा माझ्याकडून राहिला, आणि तो ईव्हीच्या विरोधातला आहे. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, ही बॅटरीची नेहमीची वॉरंटी. यांतलं जे आधी होईल ते. वर्षाला ३१ हजार चालवणाऱ्याची वॉरंटी पाच वर्षांतच संपते. आठ वर्षांचं कौतुक कमी चालवणाऱ्यांसाठी. आता काही मॉडेलांवर पहिल्या मालकाला यापेक्षा बरीच लांब वॉरंटी मिळते. अटी वाचून घ्या, त्यासाठी अर्धा दिवस गेला तरी चालेल.

बोगद्यापलीकडचा
मुद्दा बरोबर. त्याला जोडून, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर १ लाख ६० हजार किमी म्हणजे साडेसहाशेच्या आसपास पूर्ण चार्ज होतात. त्या बॅटरीचं आयुष्य हजारो चार्जमध्ये मोजतात. माझ्या ४८ हजारांत रेंज कमी झाल्याचं मला तरी जाणवलं नाही. मला घोर आहे तो रीसेलचा. शेजाऱ्याने तीन वर्षांची ईव्ही विकायला काढली तर एजंटने निम्म्याच्या खाली आकडा सांगितला.

गोडोलीकर
मी गाडी विकत नाही, वारीला पाठवतो. रीसेल सोडून द्या.

घाटवाट
कुंभार्लीवरून एक सांगायचं होतं. लोक घाटाला उगाच घाबरतात. मी महाबळेश्वरला वरचेवर जातो. साताऱ्यापासून वर चढाई साडेसहाशे मीटरच्या आसपास. सतराशे किलोची गाडी तेवढी उचलायला निव्वळ तीन युनिट पुरतात. गळती धरून चार म्हणा. उतरताना मोटरच वीज तयार करते आणि त्यातलं निम्मं-पाऊण बॅटरीत परत येतं. हायब्रिडची बॅटरी फार तर एक-दीड युनिटाची, ती पसरणी घाट उतरताना पहिल्या काही वळणांतच भरते आणि मग पुढे इंजिनाचा नुसता घरघराट.

एक चूक मात्र मी केली आहे. हॉटेलवर रात्रभर लावून सकाळी १०० टक्के करून निघालो. भरलेल्या बॅटरीत उतरणीची वीज जाणार कुठे? गाडी पकडून धरेना, सगळा भार ब्रेकवर, मेटगुताडच्या पुढे वास यायला लागला. वरून निघताना ८५ वर थांबवा.

कृष्णाकाठ
सांगली, गावभाग. तुमच्या गोडोलीत पूर नाही येत, पण धागा सांगलीकरही वाचतात म्हणून लिहिते. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या पार्किंगमध्ये आठवडाभर पाणी होतं. आता शोरूमवाले सांगतात, बॅटरी आयपी-६७ आहे, काही होत नाही. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठवडा नाही.

पाणी चढायला लागलं की आमच्याकडे सगळे गाड्या विश्रामबागला नेऊन लावतात. पेट्रोलवाल्याला काट्यावर असली तरी चालते. ईव्हीवाल्याने ४० फुटांचा इशारा ऐकला की त्याच रात्री फुल करून ठेवायची. पाणी आलं की महावितरण लाइट बंद करतं, आणि ते बरोबरच आहे.

नवखा_ड्रायव्हर
हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोडोलीकर
पाच आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी.

सोसायटीची मीटिंग झाली. वायरमनदादा खरंच आले (याच धाग्यावर ओळख, आणि निघाले आमच्या पाहुण्यांच्या पाहुण्यातले). त्यांनी चेअरमन साहेबांना त्यांच्याच स्वयंपाकघरातलं ओव्हनचं सॉकेट उघडून दाखवलं. आत अर्धवट वितळलेलं होतं. पुढे त्यांना फार बोलावं लागलं नाही. सात विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. मीटर माझ्या नावावर वेगळा, खर्च माझा, जागा कंपाउंडच्या भिंतीकडची उघडी, आणि शेजारी अग्निशामक सिलिंडर. जे चार जण विरोधात होते, त्यांतल्या एकाने जिन्यात हळूच विचारलं, "केबल टाकतायच तर अजून एक लाइन ओढता येईल का?"

महावितरणकडे अर्ज दिला, मीटर गुरुवारी बसला. एकूण ३१ हजार लागले. इलेक्ट्रिक एसयूव्ही बुक केली आहे. सेडानचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. शोरूममधून निघताना शेवटची म्हणून सिटीची डिकी एकदा लावून पाहिली.

आई पुढे बसणार. सौ.नी मागे बसायला होकार दिला, पण एका अटीवर: पहिली चिपळूण फेरी नीट झाली पाहिजे. रस्त्यात थांबावं लागलं तर पुढच्या वेळी त्या एसटीने जाणार, आणि त्यांच्या भावासमोर माझी काय शोभा होईल ते तुम्ही समजू शकता. उंब्रज–पाटणवरून जाताना सव्वाशे किमी. कुठे चार्ज करू?

घाटवाट
जाताना कुठेच नको, घरून फुल करून निघा. कुंभार्ली उतरून पोचाल तेव्हा निम्म्याच्या वर उरलेली असेल. येताना मात्र चढ आहे आणि एकूण अडीचशेचा पल्ला, तेव्हा रात्री तिकडे लावून ठेवा. सासुरवाडीत १५ अँपिअरचं सॉकेट आहे का?

गोडोलीकर
आहे. गीझरचं आहे, आणि सासरेबुवा पहाटे पाचला आंघोळ करतात.

वायरमनदादा
अकराला लावा, साडेचारला काढा. अर्थिंग मी फोनवर तपासून देतो.